‘बनगरवाडी’ वाचताना आनंद होतो, हा अपराध आहे काय?

मराठी साहित्याच्या चर्चासत्रांतून गेली काही दशके एक चमत्कारिक शिष्टाचार रूढ झाला आहे. एखाद्या वाचकाने उठून सांगितले की व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचताना मन प्रसन्न होते, तर व्यासपीठावरील विद्वानांच्या चेहऱ्यावर एक अनुकंपेचे हास्य उमटते. ‘स्मरणरंजन’ हा शब्द उच्चारला जातो आणि त्या एका शब्दाने बिचाऱ्या वाचकाचा निकाल लावला जातो. जणू गतकाळातील खेड्याची, तिथे वयात येणाऱ्या एका कोवळ्या तरुणाची, त्याला सांभाळून घेणाऱ्या माणसांची कथा वाचून सुखावणे हे बौद्धिक मागासलेपणाचे लक्षण असावे! दुःख वाटले तर वाचन गंभीर, संताप आला तर पुरोगामी. आनंद झाला तर मात्र वाचक भाबडा, असे हे सोयीचे गणित आहे. ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे, कारण त्याचे परिणाम चर्चासत्राच्या दालनात संपत नाहीत. ते घराघरांतल्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत आणि वाडीवस्तीवरच्या शाळेपर्यंत जाऊन पोहोचले आहेत.

‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने १९५५ साली आली. कथा साधी आहे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर म्हणून नेमला जातो. नोकरी नवी, वय कोवळे, गाव परके. वाडी पाचपन्नास घरांचीही नाही. पुरुष मेंढरांमागे रानात, पोरे कोकरांमागे, आणि शाळेत शुकशुकाट. पोरे शाळेत बसली तर कोकरे कोण राखणार, हा तिथला रोकडा सवाल आहे. म्हातारा कारभारी या पोरसवदा मास्तराला हाताशी धरतो, दादू बालट्या त्याच्या वाटेत काटे पेरतो, आयबू त्याचा सोबती होतो. हळूहळू शाळा भरू लागते. मास्तर पुढे गावासाठी तालीम बांधायचे मनावर घेतो, घरोघरचे हात कामाला लागतात, तालीम उभी राहते. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे पोट भरायला देशोधडीला लागतात, वाडी ओस पडते आणि मास्तरलाही गाव सोडावा लागतो.

हा शेवट ज्याने वाचला आहे, त्याला ‘बनगरवाडी’ हे गोडगोड खेड्याचे रंगीत चित्र आहे असे म्हणवेल काय? दुष्काळाने रिकाम्या झालेल्या वाडीशी जी कादंबरी संपते, तिच्यावर स्वप्नरंजनाचा आरोप करणाऱ्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आहे की नाही, अशी शंका घेण्यास निश्चितच जागा आहे.

आक्षेप आणि वस्तुस्थिती

पहिला आक्षेप असा घेतला जातो की जुन्या खेड्याविषयी जिव्हाळ्याने लिहिणे म्हणजे त्या खेड्यातील अन्यायावर पांघरूण घालणे होय. हा आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. गावगाड्यात विषमता होती, अस्पृश्यता होती, पाणवठे वेगळे होते. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जे कठोर प्रहार केले, ते अनुभवातून आलेले होते. ज्याला हिंदू समाज एकरस व्हावा असे मनापासून वाटते, त्याने ते प्रहार सर्वांत आधी ऐकले पाहिजेत आणि त्यांतील सत्य निमूटपणे स्वीकारले पाहिजे.

परंतु या सत्याचा ‘बनगरवाडी’शी विरोध कोठे आहे? माडगूळकरांनी वाडीला देवभूमी केलेले नाही. तिथे भूक आहे, चोरी आहे, कागाळ्या आहेत. शेकूकडे बैलाची जोडी पुरी नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः खांदा लावते. हे दृश्य लेखकाने अलंकार न चढवता, हुंदका न काढता सांगितले आहे, आणि म्हणूनच ते वाचकाच्या मनातून पुसले जात नाही. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरकडून चोळी शिवून आणवते आणि तेवढ्यावरून दादू बालट्या कारभाऱ्याचे मन कलुषित करतो. वाडीतल्या संशयाचे विष किती चटकन भिनते, हे या एका प्रसंगात दिसते. खेड्याचे दोष दाखविण्यासाठी लेखकाने खेड्यावर दातओठ खाल्लेच पाहिजेत, असा नियम कोणी केला?

माडगूळकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रातील गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिलेली माणसे एका दिवसात परकी झाली. हा विषय माडगूळकरांनी ‘वावटळ’ या कादंबरीत मांडला आहे. म्हणजे खेडे किती निष्ठुर होऊ शकते, हे या लेखकाला पुरते ठाऊक होते. तरीही त्या होळीला सात वर्षे होतात न होतात तोच त्याने ‘बनगरवाडी’ लिहिली, आणि तीत सूडाचा किंवा कडवटपणाचा लवलेशही नाही. ज्याला खेड्याविषयी अज्ञान आहे त्याचा जिव्हाळा भाबडा म्हणता येईल; ज्याला सारे माहीत आहे त्याचा जिव्हाळा हा विवेकाने केलेला निर्णय असतो. विद्वानांचे गणित नेमके इथे चुकते.

त्याच आटपाडीच्या मातीतून शंकरराव खरातही आले. त्यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मकथन १९८१ साली प्रसिद्ध झाले. तोच माणदेश, तोच कोरडा वारा, पण पाहणारा गावकुसाबाहेर उभा आहे. ‘बनगरवाडी’ वाचून ज्याला आनंद झाला त्याने ‘तराळ-अंतराळ’ वाचलेच पाहिजे. त्यावाचून माणदेशाचे दर्शन पुरे होत नाही. मात्र दुसरे पुस्तक वाचायचे म्हणून पहिले जाळून टाकायचे नसते. एका घराच्या दोन खिडक्यांतून दोन दृश्ये दिसतात. एक खिडकी विटा रचून बंद केल्याने दुसरीतला उजेड वाढत नाही.

मोठे होणे म्हणजे काय?

मग या कादंबरीने आनंद होतो तो कशाचा? याचे उत्तर मास्तरच्या मोठे होण्यात आहे. वयात येणाऱ्या मुलांच्या कथा जगभर लिहिल्या गेल्या. त्यांतील बऱ्याच आधुनिक कथांचा साचा ठरलेला असतो. मुलगा घराशी भांडतो, गावाला कंटाळतो, बंधने तोडतो आणि एकटा निघून जातो. हे एकटे निघून जाणे म्हणजेच त्याची प्रौढता. या कथांतही थोर कलाकृती आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोठे होण्याची ही एकच वाट आहे, असे जेव्हा नव्या पिढीच्या मनावर बिंबविले जाते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

राजाराम मास्तर वेगळ्या वाटेने मोठा होतो. लोक त्याच्यावर कामे टाकतात म्हणून तो मोठा होतो. कोणाची मनिऑर्डर, कोणाचे पत्र, कोणाचे तालुक्याच्या गावचे काम, कोणाच्या घरातला तंटा. शिकविण्यासाठी आलेला हा पोर पाहता पाहता वाडीचा कारकून, टपालवाला, सल्लागार आणि पंच होऊन बसतो. सरकारी नेमणुकीत यांतले एकही काम लिहिलेले नाही. वाडीने मात्र त्याला आपला मानला आहे, आणि आपल्या माणसावर कामे टाकायची असतात. विशीचा उंबरठाही धडपणे न ओलांडलेल्या तरुणावर एवढा विश्वास टाकणारा समाज आणि त्या विश्वासाला पात्र ठरण्यासाठी धडपडणारा तरुण, हे दृश्य पाहून वाचकाला सुख होते. हे सुख पळपुटे नव्हे. आजच्या मध्यमवर्गीय घरांत वीस वर्षांच्या मुलावर कोणती जबाबदारी असते, हे ज्याने त्याने मनाशी आठवून पाहावे. परीक्षेतील गुण आणि पुढचे प्रवेश यांपलीकडे समाजाने त्याच्याकडे काही मागितलेलेच नसते. मागितले नाही म्हणून त्याने दिले नाही, आणि दिले नाही म्हणून तो कोणाचा झाला नाही. ‘बनगरवाडी’ वाचताना जी हुरहूर लागते ती जुन्या चुलीची वा कंदिलाची नसते. ती कोणीतरी आपल्यावर विसंबून असण्याची असते.

समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने तर ही कादंबरी पाठ्यपुस्तकासारखी अभ्यासावी. परक्या वस्तीत पाय कसा रोवावा, याविषयी तीत एकही उपदेश नाही आणि तरी सारे काही आहे. मास्तर वाडीला सुधारण्याची घोषणा करीत नाही. तो आधी राहतो, ऐकतो, माणसे ओळखतो. कारभाऱ्याचे वय आणि शब्द यांचा मान राखतो. गैरसमज झाला तेव्हा तो सोसतो आणि वेळ जाऊ देतो. तालमीची कल्पना त्याची. पण ती उभी राहते वाडीच्या घामाने. ज्या कामात गावाचा हात लागत नाही ते काम गावाचे होत नाही, हे सूत्र पुढे ग्रामविकासाच्या किती योजनांना उमगले? निधी आला, इमारत झाली, फीत कापली गेली आणि दुसऱ्या वर्षी तिथे गुरे बसू लागली, अशी उदाहरणे महाराष्ट्रात शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

या तालमीच्या प्रसंगामागे खराखुरा इतिहास आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते; त्याचा प्रचार त्यांनी देशात आणि परदेशातही केला. १९३९ साली त्यांनी आपल्या संस्थानात ग्रामपंचायतींवर आधारलेली लोकराज्याची घटना लागू केली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्या प्रयोगाच्या आधारे ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली निघाला. एवढ्याशा, दुष्काळी, दरिद्री संस्थानात माणसावर विश्वास ठेवण्याचे असे प्रयोग चालले होते. ‘बनगरवाडी’तल्या वाडीवर राजा स्वतः येतो, तेव्हा ती परीकथा नसते. त्या मुलखाच्या हवेतच ते होते. खेड्याचा भूतकाळ म्हणजे निव्वळ अंधार, असे ज्यांना वाटते त्यांनी औंधचा इतिहास अवश्य चाळावा.

बाजाराने मांडलेले खेडे

विद्वानांच्या आक्षेपाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका दुसऱ्या बाजूने आहे. खेड्याच्या आठवणीचा आज मोठा बाजार झाला आहे. महामार्गालगतच्या ढाब्यांवर बैलगाडीचे चाक टांगलेले असते, शहरी कुटुंबांसाठी हुरडा पार्ट्या भरतात, ‘गावरान’ हा शब्द छापला की लोणच्याची किंमत वाढते. शनिवारी सायंकाळी जाऊन रविवारी परतायचे, चुलीवरच्या भाकरीचे छायाचित्र काढायचे, आणि त्या भाकरीची ज्वारी कोणत्या भावाने गेली याची चौकशीही करायची नाही! याला स्मरणरंजन म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. यात खेडे आहे, पण खेड्यातला माणूस नाही.

‘बनगरवाडी’ या बाजाराच्या कामाची नाही. तिच्यात मेंढरू मरते तेव्हा धनगराचे घर मरते. शेतात मेंढरे बसवून मिळणारे खत, लोकर, घोंगडी, चारा, पाऊस यांची एक साखळी असते आणि तिची एक कडी तुटली की वाडी उठते, हे अर्थशास्त्र वाचकाला नकळत कळून जाते. ही कादंबरी आवडणारा वाचक ‘ते दिवस पुन्हा यावेत’ असे म्हणत नाही, म्हणूही नये. टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी आज आटपाडीच्या शिवारापर्यंत आले आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. बनगरवाडीच्या धनगरांना हे पाणी मिळते तर कादंबरीचा शेवट निराळा झाला असता. जुन्या खेड्याच्या कथेवर खरे प्रेम असणाऱ्याने त्या खेड्याला पाणी मिळावे म्हणून झटले पाहिजे. चुलीचा धूर डोळ्यांत जाणाऱ्या बाईला ‘तुझे जीवन किती निसर्गरम्य’ असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

शाळा, भाषा आणि घर

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप, तिच्याकडे वळू. ‘बनगरवाडी’ ही एका शिक्षकी शाळेची कथा आहे. कोकरांमागची पोरे शाळेत येऊन बसू लागतात, हा तिच्यातला मोठा विजय. आणि २०१७ च्या अखेरीस याच महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत धाडण्याचा निर्णय झाला. पुढे २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने पुढे आणला. मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी मिळतात, शिक्षक अधिक असतात, खर्च आवाक्यात राहतो, असे या धोरणाचे समर्थन केले जाते. कागदावर हे सारे पटण्याजोगे आहे. पण डोंगरकपारीच्या वाडीवरची सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून कशी जाणार, तिचे आईबाप ऊसतोडीला गेले तर तिला हाताला धरून कोण नेणार, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नसते. पट मोजताना दहा हा आकडा लहान दिसतो. वाडीवर त्या दहा पोरांपलीकडे दुसरे भविष्य नसते.

कादंबरीतली शाळा दुष्काळाने ओस पडते. दुष्काळाला इलाज नव्हता. आज शाळा ओस पडते ती निर्णयाने, आणि निर्णयाला इलाज असतो. हे समजण्यासाठी शिक्षणशास्त्राचा अभ्यास हवा असे नाही. ज्याने राजाराम मास्तरच्या शाळेत पहिली पोरे येऊन बसताना पाहिली आहेत, त्याला वाडीवरची शाळा म्हणजे काय असते हे सांगावे लागत नाही. ‘बनगरवाडी’ वाचून झालेला आनंद हा असा नागरिकाच्या कर्तव्याशी जोडलेला आहे. त्या आनंदाची टिंगल करणारे, नकळत का होईना, या जाणिवेचीच मुळे तोडीत असतात.

दुसरा प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले. ते योग्यच झाले. परंतु किती मराठी घरांतील बारा-चौदा वर्षांचे मूल आज ‘बनगरवाडी’चे एक प्रकरण अडखळल्यावाचून वाचू शकेल? वाडगे, घोंगडी, चंची, कासरा हे शब्द त्याला परभाषेतले वाटतात. माडगूळकरांचे वाक्य लहान असते, सोपे असते. तरी ते कळत नाही, कारण त्यामागचे जग घरात कोणी कधी उच्चारलेले नसते. यासाठी शाळेला किंवा शासनाला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. मुलांना इंग्रजी माध्यमात घालण्याचा निर्णय पालकांनी घेतला. तो त्यांचा अधिकार. पण घराचे माध्यम कोणते असावे हे तर कोणत्याही शाळेने ठरविलेले नाही! भाषेचा अभिमान मिरवणुकीत मिरविण्यापूर्वी त्याने रोज रात्री अर्धा तास घरात राहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

उपाय अवघड नाही आणि खर्चाचा तर मुळीच नाही. ‘बनगरवाडी’ हे आकाराने लहान पुस्तक आहे. रोज जेवणे आटोपल्यावर घरातील एकाने पाच-सहा पाने मोठ्याने वाचावीत, तर काही आठवड्यांत ते पुरे होते. आजी-आजोबा असतील तर उत्तमच. अडलेला शब्द त्यांच्याकडून उलगडेल आणि त्यासोबत त्यांच्या गावची एखादी हकीकतही येईल. दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी तेवढा वेळ बंद राहिले तर राष्ट्राचे काही नुकसान होणार नाही. अमोल पालेकरांनी या कादंबरीवर १९९५ साली केलेला चित्रपट नंतर दाखवावा, आधी नको. मुलाने वाडी आधी स्वतःच्या डोळ्यांनी रंगवावी. पुस्तक संपल्यावर त्याला एवढेच विचारावे की मास्तरच्या जागी तू असतास तर काय केले असतेस? त्याचे उत्तर ऐकताना पालकांनाही काही शिकायला मिळेल.

‘बनगरवाडी’ वाचून जो सुखावतो तो अपराधी नाही. अपराध घडतो तो पुढच्या पिढीच्या हातून हे सुख आपणच काढून घेतो तेव्हा. गतकाळातल्या एका कोरड्या मुलखात काही दरिद्री माणसांनी एका परक्या पोराला आपले म्हटले आणि त्याने त्यांच्यासाठी जिवाचे रान केले, एवढीच ती कथा. ती वाचून ज्याचे डोळे पाणावतील आणि मनाला उभारीही येईल, त्याने ते कोणापासून लपवू नये. त्याने ते पुस्तक शेजारच्या घरी द्यावे, आणि सुट्टीत कधी गावाकडे जाणे झाले तर वस्तीवरची शाळा चालू आहे ना, हे पाहून यावे. बंद होऊ घातली असेल तर गावकऱ्यांसोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहावे.